हिरवी कोट्याला निघाली

जानेवारीतला, संक्रांतीच्या आधीचा गुरुवार. रक्कम एक लाख ऐंशी हजार. स्थळ म्हैसुरातल्या बोगादी भागातलं माझ्या सासऱ्यांचं घर. हजर माणसं चार: सासरे अप्पा, मेहुणा प्रकाश, माझी बायको सुधा आणि मी. आम्ही दोघं त्याच दिवशी मिरजेहून रेल्वेने पोचलो होतो. ताटावरून उठायच्या आत व्यवहार ठरला.

अप्पांकडे एक इंग्रजी बनावटीची छोटी मोटार आहे, म्हणजे होती. वयाने माझ्यापेक्षा मोठी. रंगावरून घरात सगळे तिला हिरवी म्हणत. काबिनी धरणाच्या बाजूला असलेल्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरने तिच्यासाठी वरची रक्कम देऊ केली होती. प्रकाशला विकायची होती, अप्पांना नव्हती. त्याच रविवारी जुन्या मोटारींची हिवाळी फेरी निघणार होती, बन्नीमंटपच्या मैदानापासून एच. डी. कोट्यापर्यंत आणि परत.

"अप्पा, कोट्याला जाऊन आपल्या चाकावर घरी आली, तर मी विकायचं नाव काढणार नाही," प्रकाश म्हणाला. "नाही आली, तर मॅनेजरला फोन करतो. सरि का?" (सरि म्हणजे ठीक.)

"सरि," अप्पा म्हणाले. "पण हाकणार जावईबापू. तुला तिचा गिअर समजत नाही."

प्रकाश मान खाली घालून भात कालवत राहिला. त्याची बाजू इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे ती कुणी मांडली नाही. शाळेचे गणवेश शिवायचा त्याचा धंदा आहे आणि हिरवी ज्या शेडमध्ये उभी असते तिथे दोन शिलाई मशिनं सहज बसतील. बॅटरी, टायर, पत्रा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हे सगळं तोच बघतो. मी वर्षातून एकदा जातो, ती पुसतो, चालवतो आणि अप्पांची शाबासकी घेऊन सांगलीला परत येतो.

म्हैसूरची थंडी म्हटलं की आमच्याकडचे लोक हसतात. पहाटे चौदा-पंधरा अंश, ती काय थंडी? माणसाला ती सुखाचीच आहे. सत्तरीच्या मोटारीला नाही. जाड झालेलं तेल, अर्ध्या ताकदीची बॅटरी, आणि हीटर नावाची वस्तू तिच्यात कधी नव्हतीच. तरी जुन्या मोटारी चालवायच्या त्या थंडीतच. उन्हाळ्यात पाणी उकळतं, पावसाळ्यात फरशीतून चिखल पायावर येतो. उरतात हे दोन-अडीच महिने. या दिवसांत ती पहाटे चालू व्हायला तुमचा जीव काढते आणि एकदा चालू झाली की दिवसभर कुरकुर करत नाही. निदान माझा असा समज होता.

शुक्रवारी सकाळी शेडचं दार उघडलं. आतला वास मला फार आवडतो: जुनं कातडं, पेट्रोल आणि किंचित कुबट गोणपाट. दोन्ही दारांमागच्या खांबांत पितळी हात बसवलेले आहेत. वळायचं असलं की कळ फिरवायची, मग तो हात खटकन बाहेर येतो आणि दिवा लागतो. डावा हात मात्र बाहेर आला की आपणहून आत जात नाही, त्याला थोपटावं लागतं. मागची डिकी उघडली की तळाला निळे-जांभळे डाग दिसतात. अप्पांचं घराणं रंगाऱ्यांचं. साड्या आणि चादरी रंगवायच्या, छापायच्या आणि कोट्याच्या दुकानांत नेऊन द्यायच्या. ती वाट अप्पांनी याच मोटारीने वर्षानुवर्षं केली. रंगकाम बंद पडलं, डाग राहिले.

अप्पा व्हरांड्यात घोंगडी पांघरून बसले होते. गुडघ्यांमुळे ते आता पायऱ्या उतरत नाहीत. तिथूनच त्यांनी मला हाक मारली.

"जावईबापू, परवा रेडिएटरला नवा पाइप घातलाय. आत गाळी भरलीय. ती गाळी काढून सोडा. पूरा काढा हं. नाहीतर चढावर दम लागतो तिला."

इथे थोडं भाषेबद्दल सांगायला हवं. सुधाच्या माहेरचे लोक किती पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आले हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. घरात बोलतात मराठीच, पण निम्मी कानडी. 'करून टाका'ला 'करून सोडा' म्हणतात. त्यांच्या तोंडी चहा 'आली' असते आणि भाकरी 'झाला' असतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली. चोवीस वर्षं मी या घरातलं प्रत्येक वाक्य ऐकताना लिंग आणि शेवटचं अक्षर मनातल्या मनात दुरुस्त करून घेत आलोय. तोंडाने कधी बोलून दाखवलं नाही, पण दुरुस्ती थांबत नाही. मी पतसंस्थांचे हिशेब तपासतो, तो हातच तसा वळलाय.

'गाळी भरलीय' हे मी 'गाळ भरलाय' असं दुरुस्त करून घेतलं.

आणि सांगलीच्या माणसाला गाळ समजावून सांगावा लागत नाही. पूर ओसरला की घराघरातून काय बाहेर काढावं लागतं ते मी हातात फावडं घेऊन शिकलोय. थोडा राहिला तर वास मारतो, भिंत धरतो. काढायचा तर पूरा काढायचा. अप्पांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

जेवून अप्पा झोपले आणि मी कामाला लागलो. रेडिएटरमधला गाळ काढायची जुनी रीत मला ठाऊक होती: गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, तो भरून इंजिन थोडं चालवायचं, पाणी सोडून द्यायचं. प्रकाश दुकानातून जेवायला आला होता. त्याने बंबातलं पाणी बादलीने आणून दिलं.

"भावजी, सोडा घाला म्हणून अप्पा बोलला?"

"गाळ काढा म्हणाले. पूरा."

"मग घाला," तो म्हणाला. "मला काय कळतंय."

पहिलं पाणी विटकरी निघालं. दुसरं चहासारखं. तिसरं नितळ. पांढऱ्या वाटीत घेऊन उजेडात पाहिलं, खाली कण नाही. जुन्या वस्तूचं काम हातून चोख झालं की एक समाधान असतं, ते त्या दिवशी मला भरपूर मिळालं. साधं पाणी भरून झाकण लावलं आणि हात धुतले.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "गाळी काढलं, जावईबापू?"

"काढला, अप्पा. तीनदा."

"तीनदा?" ते हसले. "एकदा काढलं तरी पुरतंय. पण तुमचं काम म्हणजे पक्कं. ऐकलास का रे प्रकाशा?"

प्रकाशने ऐकलं होतं.

रविवारी पहाटे शेडमध्ये श्वासाची वाफ दिसत होती. चोक पूर्ण ओढला, कळ दाबली. इंजिनाने एकदा आवंढा गिळावा तसा आवाज केला आणि बॅटरी गप्प झाली. मग हँडल. प्रकाश पुढे वाकून हँडल फिरवू लागला आणि मी आत बसून चोक सांभाळत होतो. कुणी काय करायचं हे न बोलताच ठरलेलं असतं. कितव्या तरी फेऱ्याला हँडल उलटं फिरलं आणि त्याच्या मनगटावर बसलं. तो खाली बसला, मनगट मांडीत दाबून धरलं, आणि उठून दुसऱ्या हाताने फिरवायला लागला.

"अंगठा आत धरू नको म्हणून शंभरदा सांगितलंय!" अप्पा व्हरांड्यातून ओरडले.

हिरवी धडधडली. सगळी शेड निळ्या धुराने भरली आणि मला, खोटं कशाला सांगू, अतिशय आनंद झाला. थंडीत कण्हत कण्हत जागी झालेली जुनी मोटार हळूहळू सूर धरते, चोक थोडा थोडा आत ढकलत जावा तसा तिचा खोकला कमी होतो आणि एका क्षणी ती स्वतःच्या दमावर चालायला लागते. त्या क्षणासाठी माणसं वेडी होतात ती उगाच नाही.

समोरच्या काचेवर धुकं धरू नये म्हणून सुधाने अर्धा बटाटा कापून आणला आणि काचेवर आतून-बाहेरून घासला. अप्पांना आम्ही दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. तांबडा स्वेटर, माकडटोपी, मफलर, त्यावर घोंगडी. डोळेच काय ते दिसत होते. मागे सुधा, मनगटाला रुमाल बांधलेला प्रकाश, आणि दोघांच्या मध्ये पाण्याचा एक लहान कॅन.

बन्नीमंटपच्या मैदानावर पंधरा-वीस मोटारी उभ्या होत्या. त्यांतल्या निम्म्या ट्रकवर चढून तिथवर आल्या होत्या. मालक मंडळी टोप्या घालून, हातात कॉफीचे पेले घेऊन फोटो काढून घेत होती आणि हवा भरणं, काच पुसणं, चालू करणं ही कामं त्यांचे नोकर करत होते. एका गोऱ्यागोमट्या गृहस्थाने हिरवीभोवती फेरी मारली.

"अंकल, तुमचा ट्रेलर कुठंय?" त्याने अप्पांना विचारलं.

"चार चाकं दिसत नाहीत का?" अप्पा माकडटोपीतून म्हणाले. "घरनं हाकून आलोय."

तो हसला आणि पुढे गेला. रिसॉर्टचा मॅनेजरही तिथे होता. त्याने प्रकाशला लांबूनच हात केला. कोट्याला मोटारींचा थांबा त्यांच्याच तर्फे होता.

गाव मागे पडलं आणि कोट्याचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना नाचणीची कापून झालेली शेतं, मध्येच गंजी, आणि त्यांच्यावर धुक्याचा पातळ पडदा. तंबाखू भाजायच्या उंच भट्ट्या धुक्यातून एकेक करून वर येत आणि मागे जात. फटींतून येणारा वारा घोट्यांना कापत होता. बोटं स्टिअरिंगवर आखडली होती. पण इंजिन गोड चाललं होतं. उतारावर दुसऱ्या गिअरवर यायचं तर क्लच दोनदा दाबावा लागतो, मध्ये पेट्रोलचा हलका झटका द्यावा लागतो. तो मला नेमका जमला की अप्पा घोंगडीखालून मांडीवर बोट आपटत. तीच दाद.

"या वळणावर चादरींचं गाठोडं पडलं होतं एकदा," ते म्हणाले. "मागे जाऊन बघतो तर एक म्हातारी त्यावर बसलेली. म्हणते, मी राखण करत होते, चार आणे दे."

"दिले?" मी विचारलं.

"दिले की. गाठोडं मोठं होतं, म्हातारी पण."

सुधा मागे खळखळून हसली. प्रकाशही हसला. त्या दिवशी आम्ही चौघं एकत्र हसलो ते तेवढंच.

जयपुराला न्याहारीला थांबलो. या दिवसांत इकडे अवरेकाळू (पावट्याचे दाणे) येतात आणि ते सगळ्यात घालतात. गरम उप्पिट्टात दाण्यांचा हिरवा वास, वर खोबरं, बाजूला चटणी. कॉफी पितळी वाटीत ओतून थंड करायची गरजच पडली नाही, तोंडाशी नेईपर्यंत ती निवत होती. हॉटेलवाल्याने हिरवीकडे पाहून विचारलं, "एष्टु वर्ष सार?" (किती वर्षांची?) अप्पांनी सांगितलेलं वय ऐकून त्याने तिला नमस्कार केला आणि अप्पांच्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

निघताना प्रकाशने खाली वाकून पाहिलं. "भावजी, पाणी पडलंय."

मोटारीखाली ताटाएवढा ओला डाग होता.

"चळी आहे रे," अप्पा म्हणाले. (चळी म्हणजे थंडी.) "चळीत रबर आखडतं, थेंब गळतो. गरम झाली की बंद होतं. वर पाणी घालून सोड."

हे खरंच आहे, थंडीत नळीचे सांधे असे गळतात. प्रकाशने कॅन रिकामा केला. मी बॉनेटच्या आत डोकावलो नाही. शुक्रवारीच सगळं पाहिलेलं होतं.

पुढे हंपापुऱ्याच्या बाजूला धुकं दाट झालं. नदी जवळ असल्याचा तो परिणाम. दिवे लावले, पण ते पिवळट दिवे धुक्यात भिजून जात होते. बॉनेटवरून पांढरे पट्टे मागे येत होते. मी त्यांना धुकं समजलो. आजही कुणी तिथे बसवलं तर धुकंच समजेन. उन्हाळा असता तर बॉनेटमधून निघालेली वाफ मैलावरून दिसली असती. थंडीने तिला लपवलं. बटाटा घासलेली काच स्वच्छ होती, त्यामुळे मला ती वाफ अगदी स्वच्छ दिसत होती.

"काहीतरी शिजल्यासारखा वास येतोय," सुधा म्हणाली.

वास मलाही आला होता. शेतकऱ्यांनी रस्त्यावर कुळथाचे वेल पसरले होते. गाड्या वरून गेल्या की दाणे सुटतात, मळणीचा खर्च वाचतो. त्या वेलांवरून आम्ही करकर आवाज करत निघालो होतो. वास त्यांचाच असेल असं मी म्हणालो. आणि मग त्या करकरीत दुसरा आवाज मिसळला, टाळ वाजावा तसा, इंजिनाच्या पोटातून. अप्पांनी घोंगडी झटकली.

"बंद करा! बंद!"

कळ बंद करायची वेळच आली नाही. हिरवीला मागून कुणी धरावं तसा हिसका बसला आणि ती उभी राहिली.

कडेला कुळीथ राखत बसलेली बाई धावत आली. "गाडी तेगीरी सार, हुरळी मेले निंतिद्दीरा!" (गाडी काढा साहेब, कुळथावर उभे आहात!)

प्रकाशने बॉनेट उघडलं. वाफेचा लोट वर गेला. तो विरल्यावर दिसलं की रेडिएटरला एक छिद्र पडलेलं नाही, पन्नास पडली आहेत. सुईच्या टोकाएवढी, जागोजागी, आणि प्रत्येकातून शेवटचं पाणी गळतंय. अप्पा गुडघे विसरून खाली उतरले होते. त्यांनी फडक्याने धरून झाकण काढलं आणि आत पाहिलं. आतलं पितळ लख्ख चमकत होतं.

"हे एवढं स्वच्छ कोणी केलं?"

"मी, अप्पा," मी म्हणालो. "तुम्ही गाळ काढा म्हणालात. सोड्याने तीनदा धुतलं."

"सोड्याने?" अप्पांना कळेना. "गाळी काढा म्हटलो मी. गाळी."

मी सुधाकडे पाहिलं. तिने कपाळाला हात लावला होता.

"अहो," ती हळू म्हणाली, "गाळी म्हणजे वारा. हवा. नवा पाइप घातला की आत हवा अडकते, ती काढा म्हणाले ते. गाळ नाही."

झाकण उघडं ठेवून पाणी सावकाश ओतायचं आणि खालची तोटी जराशी सैल करायची, की हवा बुडबुडे होऊन निघून जाते. पाच मिनिटांचं काम. मी जो गाळ काढला तो इतक्या वर्षांत पत्र्यावर बसलेला थर होता आणि झिजलेल्या त्या पत्र्यात पाणी धरून ठेवलं होतं ते त्याच थराने. नितळ पाणी येईपर्यंत मी तिला फोडत होतो.

मी म्हणालो, "चूक माझी आहे, अप्पा."

ते माझ्याकडे वळलेच नाहीत. प्रकाशकडे वळले.

"निनगे बुद्धि इल्वा?" (तुला अक्कल नाही का?) "पाणी तू आणून दिलास ना? सोडा घालताना बघत उभा होतास ना? मला उठवायला काय झालं होतं?"

"अप्पा, त्याचा काही संबंध नाही," मी मध्ये पडलो. "त्याने विचारलं होतं मला. मीच सांगितलं."

"तुम्ही पाव्हणे, जावईबापू. तुम्हाला कसं ठाऊक असणार? हा घरचा आहे." आणि परत प्रकाशला: "तुला ती विकायचीच होती. म्हणून गप्प बसलास."

हे ऐकून मी आवाज चढवला. तिसऱ्यांदा सांगितलं की काम माझं, डोकं माझं, हात माझे. अप्पांनी फक्त एवढंच केलं: गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात दिला. "चळीत उभे राहू नका. कानाला बांधा."

चोवीस वर्षांत ते मला एकदाही रागावून बोलल्याचं आठवत नाही. मी त्याला माया समजत आलो होतो. जावई चुकत नाही अशी त्या घराची रीत आहे आणि तो चुकला तर ती चूक कुणाच्या तरी अंगावर घालावी लागते. ते अंग कुणाचं, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

प्रकाश खाली वाकला. एका हाताने वेल बाजूला सारून त्याने हिरवी कुळथावरून ढकलायला सुरुवात केली. मी आणि ती बाई दोघंही ढकलायला लागलो. बाई सारखी बडबडत होती, आणि ते सगळं कानडीत असल्याने मला समजत नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

टोपीवाल्यांच्या मोटारी हॉर्न वाजवत पुढे गेल्या. एकजण काच खाली करून "व्हिंटेज प्रॉब्लेम, अंकल?" असं म्हणाला. कोणी थांबलं नाही. शेवटी बाईच्याच दिराचा ट्रॅक्टर आला. दोर बांधून कोट्याच्या थांब्यापर्यंत ओढत न्यायचं ठरलं.

"ओढताना आत कोण बसणार?" प्रकाशने विचारलं.

"मी," अप्पा म्हणाले.

लायसन्स नाही, गुडघे नाहीत, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालेलं. पण त्यांना अडवायला तोंड कुणाकडे होतं? आम्ही त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मी शेजारी बसलो. ट्रॅक्टरने दोर ताणला आणि हिरवी निघाली.

इंजिनाचा आवाज नाही. फक्त टायरांची सरसर, दोराची कुरकुर आणि पुढे ट्रॅक्टरचा धूर. अप्पा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते. उतारावर दोर सैल पडला की ते इतक्या हलकेच ब्रेक लावत की हिसका बसत नव्हता. सवयीने त्यांचा हात गिअरकडे जाई आणि परत येई. हँडपोस्टच्या चौकात ट्रॅक्टर डावीकडे वळला तेव्हा त्यांनी कळ फिरवली. बॅटरीत होता नव्हता तो जीव गोळा करून पितळी हात बाहेर आला. वळून झाल्यावर तो आत गेला नाही. अप्पांनी खिडकीतून हात काढून त्याला थोपटलं.

"इथे मंजप्पाचं दुकान होतं," कोट्याच्या बाजारातून जाताना ते म्हणाले. "उधार ठेवत नव्हता. इथे त्याच्या भावाचं." त्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. दुकानातली मुलं बाहेर येऊन, दोराला बांधलेल्या मोटारीत माकडटोपी घालून ऐटीत बसलेल्या म्हाताऱ्याचा फोटो काढत होती. अप्पांना वाटलं, ती हात हलवताहेत. त्यांनीही हलवला.

मॅनेजर थांब्याच्या ठिकाणी उभाच होता. त्याने बॉनेट उघडूनही पाहिलं नाही.

"इंजिन गेलंय," प्रकाश प्रामाणिकपणे म्हणाला. "जाम झालंय. भाव कमी होईल का?"

"इंजिनाचं काय करायचंय सर? लॉनवर राहील. लग्नाचे फोटो होतात. सीट चांगल्या आहेत ना?" त्याने दार उघडून सीट दाबून पाहिली. "डिकीत डाग आहेत. ते आम्ही रंगवून घेऊ."

व्यवहार तिथेच झाला. हिरवी घरी परत आलीच नाही. अप्पा तिच्यातून उतरले, घोंगडी घडी करून काखेत घेतली आणि विचारलं, "म्हैसूरची बस कुठून मिळते?" ज्या गावी ते इतकी वर्षं आले, तिथलं बसस्टँड त्यांना ठाऊक नव्हतं.

बसमध्ये मी प्रकाशच्या शेजारी बसलो. त्याचं मनगट सुजलं होतं.

"मी अप्पांशी परत बोलतो," मी म्हणालो.

"नको भावजी. तुम्ही सांगून काय उपेग? तुमच्यावर कोण ओरडणार?" तो खिडकीबाहेर बघत होता. "आणि खरं सांगू? मला ती विकायची होती. पण अशी नाही. परत आली असती तर मशिनं मागच्या खोलीत बसवायचं ठरवलं होतं मी. माप पण घेऊन ठेवलं होतं."

संक्रांतीच्या सकाळी अप्पांच्या घरी नेहमीप्रमाणे एळ्ळु-बेल्ल झालं (तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाण्यांचं मिश्रण). जावयाला पाटावर बसवलं. कुंकू लावलं. खांद्यावर शाल घातली आणि पाकीट हातात दिलं. मी म्हणालो, "अप्पा, यंदा नको." ते म्हणाले, "यंदा नको असं कसं? माझ्या घरची रीत आहे." शेडचं दार उघडं होतं. जमिनीवर तेलाचा जुना डाग आणि बाजूला माझी सोड्याची बादली होती.

स्टेशनवर मी पाकीट प्रकाशच्या खिशात घालू लागलो. त्याने माझा हात धरला.

"ठेवा. मला दिलंत आणि अप्पाला कळलं, तर ते पण माझ्यावरच येऊन सोडेल."

आता सांगलीत आहे. थंडी इथेही आहे, पण ती अंगाला लागते, इंजिनाला नाही. सुधाशी बोलताना अजून तिचं शेवटचं अक्षर मनात दुरुस्त होतं. आता मी तिला विचारतो, काय म्हणालीस? ती परत सांगते. बहुतेक वेळा ती पहिल्यांदा बोलली तेच बरोबर असतं. चोवीस वर्षांत मी आणखी काय काय धुऊन काढलं असेल, याचा हिशेब मला लावता येत नाही, आणि हिशेब तपासणं हेच माझं काम आहे.

अखेर दिलं गेलं ते असं. ट्रॅक्टरवाल्याला आठशे, प्रकाशने दिले. कुळीथ भिजला म्हणून बाईला दोनशे, तेही प्रकाशनेच. हिरवीचे एक लाख ऐंशी हजार, मॅनेजरने अप्पांना. आणि एक हजार एक रुपये, शालीसह, अप्पांनी मला.